कोऱ्या कागदाचा आमदार

निवडून आलो त्या दिवशी मला जीपमधून खाली उतरवलं.

मिरवणूक माझीच होती. मतमोजणी संपली, हलगी कडाडली, गुलालाची पोती फुटली आणि कार्यकर्त्यांनी मला उचलून उघड्या जीपमध्ये उभं केलं. शेजारी दादा. दादा म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन. कारखाना त्यांचा, दूध संघ त्यांचा, शाळा-कॉलेजं त्यांची. मतदारसंघ तेवढा त्यांचा नव्हता, कारण तो राखीव होता. म्हणून मी होतो.

जीप पन्नास पावलं गेली असेल. दादांचा तात्या बाजूनं चालत होता. हा तात्या त्यांच्या बंगल्यावरचं सगळं बघायचा, दादांच्या चष्म्यापासून उमेदवारांपर्यंत. त्यानं खालून माझा पायजमा ओढला.

"मास्तर, जरा खाली उतरा. लोकांस्नी दादा दिसंनात."

मी उतरलो. कुणी ढकललं नाही, कुणी शिवी दिली नाही. मी आपला पायजमा सावरत उतरलो आणि माझ्याच मिरवणुकीत मागून चालायला लागलो. तोंडभर गुलाल. माझ्या बायकोनंही ओळखलं नसतं. एक म्हातारा माझ्याबरोबर चालत होता. बाहेरगावचा असावा. त्यानं मला कोपरानं ढोसलं.

"पावणं, ह्यातला आमदार कोन्चा वो?"

मी जीपमधल्या दादांकडं बोट केलं. "त्यो."

म्हातारा खूश झाला. "व्हय की. दिसतोयच आमदारावानी."

हा किस्सा मी कितीतरी वर्षं लग्नाच्या मांडवात, एसटीत, चहाच्या गाड्यावर सांगत आलोय. म्हाताऱ्याचा आवाज काढून, पायजमा ओढून दाखवून. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. माणसं हसत असली की सांगणाऱ्याकडं कुणी नीट बघत नाही, एवढा त्याचा फायदा. आज मात्र पुढचंही सांगणार आहे. ते मी मांडवात सांगत नाही.

आमचं गाव कुरुंदवाडच्या अलीकडं, नदीच्या अंगाला. गावात शाळा नंबर एक होती. मी तिथंच शिकलो, दाराजवळ बसून. पाऊस आला की आमची ओळ भिजायची आणि मास्तर म्हणायचे, दार लावा रे. दार लावलं की आम्ही बाहेर. पुढं मोठ्या माणसांनी हट्ट धरला की बौद्धवाड्याला आपली शाळा पाहिजे. मंजुरी मिळाली, इमारत मिळाली नाही. मग वाड्यानं स्वतःच दोन खोल्या बांधल्या. मी तेव्हा डी.एड.ला होतो, सुट्टीत येऊन चिखल मळायचो. आमची सोनाक्का सात महिन्यांची पोटुशी होती. डोक्यावर विटांची पाटी घेऊन ती चढणीवरनं यायची आणि खाली उतरवताना म्हणायची, "ही माझ्या पोराच्या बाकाखालची." अशी प्रत्येक विटेला तिनं जागा नेमून दिली होती. ती झाली शाळा नंबर दोन. पुढं मीच तिथं गुरुजी झालो.

नव्वदीच्या सुरुवातीला साक्षरतेचे वर्ग निघाले. दिवसभर पोरं आणि दिवेलागणीला त्यांच्या आया, आज्या. सोनाक्काला सही यायला आठ दिवस लागले. पाटीवर नाव काढताना ती जीभ बाहेर काढायची आणि नाव पुरं झालं की पाटी छातीशी धरून सगळ्यांना दाखवत फिरायची. मी त्या बायकांना एकच गोष्ट पाठ करायला लावली होती. मी म्हणायचो, "सही कधी करायची?" त्या एका सुरात ओरडायच्या, "वाचून!" मी म्हणायचो, "आणि कोऱ्या कागदावर?" त्या खिडक्या हादरतील असं ओरडायच्या, "मेलो तरी न्हाय!"

सोसायटीचा माणूस एकदा कर्जाचा कोरा फॉर्म घेऊन सोनाक्काकडं आला होता. नंतर भरतो म्हणाला. तिनं त्याला चहा पाजला आणि फॉर्म परत दिला. "आमच्या गुरुजींनी न्हाय म्हणून सांगितलंय." हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस छाती काढून हिंडलो. माझ्या सगळ्या नोकरीत मला मिळालेलं बक्षीस तेवढंच.

मग एक दिवस शाळेसमोर जीप थांबली. तात्या उतरला आणि म्हणाला, दादांनी बोलावलंय.

दादांचा बंगला कोल्हापुरात. हॉलमध्ये झुंबर, भिंतीवर गव्याचं मुंडकं. दादा सोफ्यावर, मी उभा. आधीचा आमदारही त्यांनीच निवडून आणला होता, पण तो अलीकडं सभागृहात बोलायला लागला होता असं ऐकून होतो. दादांनी मला एकच प्रश्न विचारला.

"मास्तर, बोलायची सवय हाय काय?"

मी म्हणालो, "वर्गापुरती."

दादा हसले. "मग वर्गातच ठेवा."

मुलाखत संपली. नोकरीचा राजीनामा तात्यानं आधीच टाईप करून ठेवला होता. त्यानं बोट ठेवलं तिथं मी सही केली. वाचला नाही. पहिला न वाचलेला कागद तो. मला वाटलं, राजीनाम्यात वाचायचं काय असतं?

खोटं कशाला बोलू, मला आमदार व्हायचं होतं. कुणी जबरदस्ती केली नाही. दाराजवळ बसलेल्या पोराला वर्गाच्या मध्यभागी यायचं होतं. वाड्यात त्या दिवशी पेढे वाटले. सोनाक्कानं मला ओवाळलं आणि म्हणाली, "गुरुजी, आता आमची कामं अर्ज न करता हुत्याली." मी मोठा रुबाबात हसलो.

निवडून आल्यावर माझ्या नावाची पॅडं छापून आली. वर तीन सिंहांची मुद्रा, खाली माझं नाव, त्याखाली विधानसभा सदस्य. एक पॅड मी घरी नेलं. बायकोनं त्याचा वास घेतला, कपाळाला लावलं आणि कपाटात साडीखाली ठेवलं. ते एक सोडून बाकीची सगळी दादांच्या बंगल्यावर.

दर सोमवारी तात्या माझ्यासमोर गठ्ठा ठेवायचा. "मास्तर, खाली सह्या करून ठेवा. लोकं खोळंबत्यात."

मी पहिल्यांदा विचारलं, "वर काय लिहिणार?"

"लोकांची कामं."

"म्हणजे काय?"

तात्यानं माझ्याकडं अशा प्रेमानं बघितलं, जसा काही बैलच नांगर कशाचा म्हणून विचारतोय. "तुम्ही सही करा की. लिव्हायला आमी हाय."

मी पेनचं टोपण काढलं. आणि वाचकहो, त्या क्षणी माझ्या कानात त्या बायकांचा आवाज आला नाही. असं छान जमवून सांगता आलं असतं. पण नाही आला. मला दिसला तो एसीचा डबा, समोरची काजूची बशी, आणि दादा आत आहेत हे. मी सही केली. मग दुसरी. मग तिसरी.

पहिल्या गठ्ठ्यावर मी पूर्ण नाव लिहिलं. माझं, वडिलांचं, आडनाव. तिन्ही शब्दांवर स्वच्छ रेघ, शाळेत शिकवतो तशी. हाताला वांब आले. दुसऱ्या गठ्ठ्याला वडील गेले. तिसऱ्याला आडनाव गेलं. पावसाळी अधिवेशनापर्यंत नुसतं एक वेटोळं उरलं, जिलबी पडावी तसं. तात्यानं शाबासकी दिली. म्हणाला, आता कुठं आमदारासारखी झाली.

बंगल्यावर माझी बसायची जागा व्हरांड्यात होती, टेलिफोनच्या टेबलापाशी. आत जाणारे लोक मला विचारायचे, दादा आहेत का? मी सांगायचो, आहेत, बसा. कितीजणांना मी चपला कुठं काढायच्या ते दाखवलं असेल. एकदा एका बागायतदारानं मला पाणी मागितलं. मी आत जाऊन तांब्या-पेला घेऊन आलो. तो गटागटा प्याला, मिशी पुसली, म्हणाला, "लई तहान लागलीती." मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यानं नमस्कार केला असता आणि तहान नाही म्हणाला असता. हेही मी मांडवात सांगतो. यावर जरा कमी हसतात.

मुंबईला सभागृहात मी शेवटच्या बाकावर बसायचो. चाळीस पोरांना एका हाकेत गप्प करणारा माणूस, पाच वर्षं गप्प बसला. माझ्या नावानं प्रश्न लागायचे. ते बंगल्यावरून टाईप होऊन आलेले असायचे. एकदा मंत्र्यांनी माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं आणि अध्यक्षांनी विचारलं, सन्माननीय सदस्यांचा उपप्रश्न? मला मूळ प्रश्नच माहीत नव्हता. मी उभा राहिलो, आभार मानले आणि खाली बसलो. सगळं सभागृह हसलं. मीही त्यांच्यात हसलो. सवय होती.

चौथ्या वर्षी, उन्हाळ्यात, मी गावी आलो होतो. दारात गाडी उभी राहिली की वाड्यातली पोरं जमायची. त्या दिवशी कुणी आलं नाही. थोड्या वेळानं सोनाक्का आली. पदर खोचलेला, हातात घडी घातलेला कागद.

म्हणाली, "गुरुजी, शाळंत चला. वाचायचंय."

मला वाटलं काही अर्ज असेल. गेलो. शाळा नंबर दोनच्या थोरल्या खोलीत अख्खा वाडा बसलेला. बायका पुढं, गडी भिंतीला टेकून. फळ्यावर पोरांनी काढलेलं कमळ तसंच होतं. सोनाक्कानं मला माझ्या जुन्या खुर्चीजवळ उभं केलं आणि कागद हातात दिला. शाळेवर आलेल्या नव्या बाईंकडं वरून ती झेरॉक्स आली होती. पटावरनं पोरांची नावं कमी करायला सांगितली होती, त्यासोबत.

"मोठ्यांदा वाचा," सोनाक्का म्हणाली. "माझ्यानं जोडाक्षरं अजून हुईत न्हाईत."

मी वाचायला लागलो. वर तीन सिंह. खाली माझं नाव. आणि मग मजकूर. सदर शाळा क्रमांक दोनची पटसंख्या घटत चालली असून, विद्यार्थ्यांच्या व्यापक हिताच्या दृष्टीने ती शाळा क्रमांक एकमध्ये विलीन करण्यात यावी, व रिकामी होणारी जागा इंग्रजी माध्यमाच्या शाळेसाठी अमुक शिक्षण संस्थेस देण्यात यावी, अशी माझी शिफारस आहे. संस्था कुणाची ते सांगायला नको.

पहिली ओळ मी वर्गातल्या आवाजात वाचली. दुसऱ्या ओळीला आवाज खाली गेला. सोनाक्का म्हणाली, "मागं ऐकू येईना." मी परत वाचलं. पहिल्यापासून. तिनं मला तिसऱ्यांदाही वाचायला लावलं असतं, तरी मी वाचलं असतं.

वाचून झालं. बाहेर उसाचा एक ट्रॅक्टर गेला.

मग तिनं विचारलं, "आनि खाली काय लिव्हलंय?"

मी म्हणालो, "सही."

"कुनाची?"

"माझी."

"वाचून केलासा?"

मी मान हलवली. नाही.

"कोऱ्या कागदावर?"

मी तिच्याकडं बघितलं नाही. खोलीत बायका होत्या. त्यातल्या अर्ध्यांना मीच पाटीवर नाव काढायला शिकवलेलं. एकीनंही पुढचं वाक्य म्हटलं नाही. ते सगळ्यांना पाठ होतं. कुणी शेण मारलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तरी चाललं असतं. त्यांनी मला नापास करून सोडून दिलं. उठून एकेक जण घरी गेला. शेवटी सोनाक्का उठली. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, जुन्या घडीवर घडी घातली आणि म्हणाली, "ह्यो माझ्याजवळ ऱ्हाऊ दे. तुमच्याकडं कोरं बक्कळ असत्याली."

त्याच दुपारी मी बंगल्यावर गेलो. पहिल्यांदा व्हरांड्यात न थांबता आत गेलो. दादा आंबा खात होते.

मी सांगितलं, शाळा नंबर दोनचं पत्र मागं घ्यायचंय.

दादांनी कोय चोखून बशीत ठेवली. रागावले नाहीत. त्यांचा मोठेपणा असा, की आमच्यासारख्यावर ते रागवायचे नाहीत. म्हणाले, "मास्तर, सही तुमची, डोकं आमचं. असंच ठरलंतं की."

मी म्हणालो, "आमच्या माणसांनी बांधलीय ती शाळा."

"मग आता आमी चांगली बांधतो. तुमच्यातली दोन पोरं फुकट घिऊ. फोटो लावू तुमचा."

"मला फोटो नको. शाळा पाहिजे."

दादांनी तात्याकडं बघितलं. तात्यानं नेहमीचा गठ्ठा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. सोमवार होता. त्या दिवशीचं काम राहिलं होतं. तात्यानं पेनचं टोपणसुद्धा काढून दिलं.

मी पेन खाली ठेवलं. "आजपासून कोऱ्यावर सही नाही."

एवढंच बोललो. हे सांगताना खरंतर उभं राहावं, हात कमरेवर ठेवावेत, आवाज चढवावा असं वाटतं. पण तिथं तसं झालं नव्हतं. तिथं मी ते पेनकडं बघत, पुटपुटल्यासारखं म्हणालो. दादांना ते नीट ऐकूही गेलं नाही. त्यांनी तात्याला विचारलं, "काय म्हंतोय?" तात्यानं सांगितलं. दादा म्हणाले, "बरं. हाईत त्या पुरत्याल्या." आणि दुसरा आंबा घेतला.

माझी पाच वर्षांची मर्दुमकी ती एवढी. आधीच केलेल्या सह्या त्यांना पुरणार होत्या.

पण पत्र मागं घेता येतं, हे मी कुठंतरी ऐकलं होतं. मी घरी गेलो. बायकोच्या कपाटातून साडीखालचं पॅड काढलं. माझ्या हातानं लिहिलं की मागील शिफारस मी मजकूर न वाचता केली होती, ती रद्द समजावी, शाळा क्रमांक दोन आहे तिथंच राहावी. तीनदा वाचलं. बायकोला वाचून दाखवलं. मग खाली पूर्ण सही केली. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. वर रेघ. चार वर्षांनी वडील परत आले कागदावर.

दुसऱ्या दिवशी जिल्हा परिषदेत गेलो. अधिकारी भला माणूस होता. उठून उभा राहिला, चहा मागवला. माझं पत्र वाचलं. मग फाईल उघडून आधीचं पत्र बाहेर काढलं. दोन्ही शेजारी ठेवली. चष्मा वर केला, खाली केला.

"साहेब, गैरसमज नको. पण सही जुळत नाही."

"माझीच आहे. तुमच्यासमोर बसलोय."

"ते आहेच. पण आमच्याकडं तुमची चार वर्षांची पत्रं आहेत. सगळीकडं ही आहे." त्यानं जिलबीवर बोट ठेवलं. "ही नवीन कुणाची म्हणायची?"

माझी खरी सही खोटी ठरली. हसू नका. किंवा हसा. मी त्या खुर्चीत बसून हसलो होतो. तो अधिकारी घाबरला. मग मी पेन घेतलं आणि त्याच्यासमोर, पूर्ण सहीच्या खाली, जिलबी काढली. शाळा वाचत असेल तर कसलीही सही करायची माझी तयारी होती. म्हणालो, "आता जुळली?"

तो म्हणाला, "जुळली. पण साहेब, ठराव मागच्याच आठवड्यात झाला. सकाळी दादांचा फोनही येऊन गेला." चहा आला. त्यानं तो माझ्याकडं सरकवला. "घ्या. गार होईल."

मी तो चहा प्यालो. दुसरं काय करणार होतो?

नव्या शाळेच्या भूमिपूजनाच्या पत्रिकेत माझं नाव छापलं होतं. मला न विचारता. दोन्ही खोल्या तोवर पाडून झाल्या होत्या. विटांचा ढीग एका बाजूला, मांडव दुसऱ्या बाजूला. मी ठरवलं होतं जायचं नाही. मग ठरवलं, जायचं आणि बोलायचं. स्टेजवर बसलो तसा फेटेवाला आला आणि माझ्या डोक्याला कोल्हापुरी फेटा गुंडाळायला लागला. त्याची बोटं भरभर चालत होती आणि माईकवर दादा बोलत होते. म्हणाले, आमच्या मास्तरांचं मन किती मोठं बघा. स्वतःच्या समाजाची शाळा यांनी आपण होऊन दिली. असा त्याग करणारा माणूस जिल्ह्यात दुसरा दाखवा. टाळ्या पडल्या. वाड्यातले लोक मांडवाच्या बाहेर, ढिगाजवळ उभे होते. मला तिथून ते दिसत होते आणि त्यांना मी. फेट्यासकट.

मी उठलो. माईक धरला. म्हणालो, "ही शाळा मी दिली नाही. कागद कोरा होता."

तेवढ्यात माईक बंद झाला. तात्याचं लक्ष असायचं. पुढं मी ओरडून बोललो, पण हलगीवाल्यानं हलगी सुरू केली. त्याला कुणीतरी खूण केली असणार. त्याचा काय दोष, त्याला वाटलं भाषण संपलं. तो अगदी मनापासून वाजवत होता. माझं तोंड हलत राहिलं आणि लोक हलगीवर टाळ्या द्यायला लागले.

मी फेटा काढला, खुर्चीवर ठेवला आणि खाली उतरलो. या वेळी मला कुणी उतरवलं नाही. ढिगाजवळ गेलो. सोनाक्कानं विचारलं, "काय बोललासा वो? ऐकूच आलं न्हाय."

मी सांगितलं. ती म्हणाली, "हं." आणि विटा निवडायला लागली. अख्ख्या विटा एका बाजूला, फुटक्या दुसऱ्या बाजूला. मीही निवडायला बसलो. वर मांडवात नारळ फुटला.

पुढच्या निवडणुकीला दादांनी दुसरे एक मास्तर शोधले. तेही गरीब आहेत, चांगले आहेत, माझ्यानंतर ट्रेनिंग झालेले. निकालाच्या दिवशी मी मुद्दाम रस्त्याच्या कडेला उभा राहिलो होतो. जीप आली. आत दादा एकटेच उभे. मी मागं चालणाऱ्यांची तोंडं बघत राहिलो, पण गुलालात काही कळेना.

बौद्धवाड्यातली पोरं आता शाळा नंबर एकला जातात, उसाच्या ट्रॅक्टरांच्या कडेनं. दाराजवळ त्यांना कुणी बसवत नाही, काळ बदललाय. खिचडीच्या वेळी मात्र रांगा आपोआप दोन होतात. कुणी काही सांगत नाही. मला कुणी जीपमधून ढकललं होतं का? तसंच.

मग माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. मला वाटतं तो कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर माझ्यासारखा माणूस नसावा. लोक सरकारनं काय केलं ते विचारतात. मी अर्ज केला, की या आमदारानं पाच वर्षांत काय काय केलं, त्याच्या पत्रांच्या नकला द्या. खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, "हे आमदार तुमचे कोण?" मी म्हणालो, "वर्गातला एक पोरगा होता. फार मागं बसायचा."

नकला येऊ लागल्या. कुणाची बदली, कुणाचं गायरान, कुणाच्या विहिरीवरनं पाइपलाइन, कुणाच्या पोरीची कायम होणारी नोकरी गेली. सगळ्याला माझी शिफारस. मी लाल पेन घेऊन बसतो, पेपर तपासायला बसायचो तसा. दर रविवारी सकाळी समाजमंदिरात एकेक पत्र मोठ्यानं वाचतो. सोनाक्का आता सत्तरीला टेकलीय, पुढं बसते. वाचून झालं की विचारते, "सही कुनाची?" मी सांगतो, "माझी." दर वेळी. तिनं मला अजून माफ केलेलं नाही आणि मी मागितलेलंही नाही.

मध्यंतरी तात्या येऊन गेला. म्हातारा झालाय. म्हणाला, "मास्तर, स्वतःचीच अब्रू कशाला काढतासा? कोन इचारतंय आता?" मी त्याला चहा दिला. जाताना तो हसत म्हणाला, "गंमत करतासा तुम्ही. पैल्यापास्नं गमत्याच."

व्हय. गमत्याच. पण ऐका.

पत्रं अजून बरीच आहेत. काही कचेऱ्या देत नाहीत, काही म्हणतात वाळवी लागली. तिथं मी परत जातो. ज्या ज्या कागदावर माझी जिलबी आहे, त्या प्रत्येक कागदाविरुद्ध मी अर्ज करणार आहे. ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात जाऊन, त्याच्यासमोर वाचून. शाळा नंबर दोनचा अर्ज सगळ्यात वर आहे. तो तीन वेळा परत आलाय, चौथ्यांदा पाठवलाय. दादा गेले तरी, मी गेलो तरी, तो फाईलला लागलेला राहील.

खाली माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. वर रेघ. खिडकीवरचा माणूस अजूनही जुनं पत्र काढून शेजारी धरतो आणि म्हणतो, जुळत नाही.

न जुळू दे. इथून पुढं हीच माझी सही.